आठ तास उपवास

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "अक्का, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. भाषांतर म्हणजे मजाच मजा असणार." मी कन्नडात 'सरी', म्हणजे बरं, म्हटलं आणि लिहायला बसले, तर गमतीच्या आधी राग वर आला. तो गिळून लिहिणं मला जमणार नाही. फराळाच्या ताटात थोडी तिखट शेव असतेच, तसं समजून वाचकांनी गोड मानून घ्यावं.

मी मूळची निपाणीची. घरात आणि शाळेत मराठी, बाजारात कन्नड, आणि कॉलेजात शिकलेलं कामापुरतं इंग्रजी. लग्न होऊन जयनगरला आले. मुलं शाळेत जायला लागल्यावर भाषांतराचं काम धरलं ते तेवीस वर्षं सोडलं नाही. शेवटची अकरा वर्षं कोरमंगलातल्या एका एजन्सीत होते. तिथे सगळे मला अक्का, म्हणजे ताई, म्हणत. पुण्या-मुंबईहून आलेल्या पोरांना आधी ते माझं नावच वाटायचं. एकानं तर मला 'अक्का मॅडम' अशी मेल पाठवली होती.

सुरुवातीला घरून काम करायची. इंटरनेटवर एखादा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे 'मीनिंग इन मराठी' असं टाकलं, की अर्थ सांगणारी पानं उघडतात ना, ती कुणीतरी बसून लिहिलेली असतात. त्यातली काहीशे माझी. वर इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ, दोन-तीन समानार्थी शब्द आणि शेवटी वापर दाखवणारं एक वाक्य. दिवसाला चाळीस शब्द उरकायचे. तिसाव्या शब्दानंतर डोकं चालत नाही, बोटं चालतात. अशाच एका दुपारी 'फास्टिंग' हा शब्द आला. मी लिहिलं: उपवास, व्रत, अनशन. वाक्य दिलं: 'माझी आई दर सोमवारी उपवास करते.' आणि पुढच्या शब्दाकडे वळले. पुढे काय होणार याची तेव्हा कल्पना नव्हती.

आता आमचा धंदा कसा चालतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाहेरच्यांना वाटतं, एक इंग्रजी कागद आत जातो आणि मराठी कागद बाहेर येतो. तसं नसतं. औषधं, दवाखाने, यंत्रं अशा जोखमीच्या कागदांवर चार माणसं बसतात. पहिली मी, मराठी करणारी. दुसरा तपासणारा. तिसऱ्याला मूळ इंग्रजी कागद दाखवतच नाहीत. त्यानं माझं मराठी वाचून त्याचं पुन्हा इंग्रजी करायचं. याला उलट अनुवाद म्हणतात. चौथा माणूस मूळ इंग्रजी आणि हे परत आलेलं इंग्रजी शेजारी शेजारी ठेवतो आणि दोन्ही जुळतात का ते बघतो. जुळलं तर कागद पास. आणि या चौथ्या माणसाला मराठीचं अक्षर येत नाही. येण्याची गरज नाही, असं नियमातच आहे. म्हणजे मराठी कागदावर शेवटचा शिक्का मराठी न येणारा माणूस मारतो!

याचा परिणाम काय होतो? हळूहळू आम्ही वाचणाऱ्यासाठी लिहायचं सोडतो आणि त्या चौथ्यासाठी लिहायला लागतो. जे मराठी इंग्रजीत जसंच्या तसं परत जाईल तेच चांगलं. मग ते निपाणीच्या बाईला कळो न कळो. मी नव्या पोरींना शिकवायची तेव्हा हीच युक्ती अभिमानानं शिकवायची, हे आता लिहिताना लाज वाटते.

तशी मी भांडकुदळ. एका प्रेशर कुकरच्या पुस्तिकेत 'लक्ष न देता सोडू नये' असं वाक्य पास होऊन आलं होतं. मी ते खोडून 'कुकर गॅसवर ठेवून बाहेर जाऊ नका' असं केलं. चौथ्यानं तांबडी रेघ मारली, की मुळात गॅस नाही आणि बाहेर जाणंही नाही. मी तीन दिवस भांडले. शेवटी कुकरवाल्या कंपनीच्या एका बाईनंच फोन करून सांगितलं, की त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी कुकर लावून दुकानात गेलेल्यांच्याच असतात. माझं वाक्य राहिलं. त्या संध्याकाळी मी कोरमंगलापासून जयनगरपर्यंत रिक्षात मनातल्या मनात विजयाची मिरवणूक काढली होती.

कुकरसाठी तीन दिवस भांडले. माणसासाठी एक दुपारसुद्धा भांडले नाही.

शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाचं काम आलं. बेळगाव, निपाणी, सोलापूरकडचे पेशंट तिथे बरेच येतात, म्हणून ऑपरेशनच्या आधी द्यायचा सूचनांचा कागद मराठीत हवा होता. त्यात एक ओळ होती: शस्त्रक्रियेपूर्वी आठ तास 'फास्टिंग' अनिवार्य. मी विचारून घेतलं, पाणी चालतं का? उत्तर आलं, काहीच नाही. हे का, तेही सांगते. भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. माणूस टेबलावरच जायची भीती असते.

मी लिहिलं: 'ऑपरेशनच्या आधी आठ तास अनशापोटी राहा. तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. उपवासाचे पदार्थही चालणार नाहीत.'

दोन दिवसांनी कागद तांबडालाल होऊन परत आला. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर निनाद माझ्या टेबलाशी आला. पुण्याचा, तिशीतला, स्वभावानं गरीब.

"अक्का, तीन फ्लॅग आलेत. उपवासाचे पदार्थ हे ॲडिशन म्हणून मार्क झालंय. सोर्समध्ये फूडची लिस्टच नाहीये. तोंड नि पाणी पण नाहीये."

"इंग्रजीत लागत नाही म्हणून नाहीये. आपल्याकडे लागते. उपवास म्हटलं की आपण काय काय खातो, माहीत आहे ना तुला?"

"मला माहितीये हो. पण त्यांना नाही ना. आणि अनशापोटी कुणाला कळतं? मी तर आत्ता पहिल्यांदा ऐकला."

"मग 'उपाशी राहा' कर."

"तेही मी विचारलं. उपाशी निगेटिव्ह वाटतं म्हणाले. गरिबीसारखं. रुग्णालयाचा टोन फ्रेंडली पाहिजे. उपवासच टाका ना अक्का. एक शब्द, सुटसुटीत. रिटर्नमध्ये 'फास्टिंग'च येईल."

उपाशी गरिबीसारखं वाटतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण शुक्रवार होता, सोमवारी कागद द्यायचा होता, आणि त्या आठवड्यात माझी दोन भांडणं आधीच होऊन गेली होती. 'ही अक्का प्रत्येक गोष्टीत अडून बसते' असं माझ्या पाठीमागे बोलतात, तेही कानावर आलं होतं. मी पुढचं सगळं पुसलं आणि लिहिलं: 'शस्त्रक्रियेपूर्वी आठ तास उपवास अनिवार्य आहे.' कागद एका फटक्यात पास झाला. वर 'उत्कृष्ट' असा शेराही आला.

त्यानंतर साधारण वर्षभरानं मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले होते. शहराच्या टोकाला, येलहंक्याला राहणाऱ्या एक बाई चहा पिता पिता शेजारणीची गोष्ट सांगत होत्या. त्यांच्या सोसायटीत एका मुलाकडे त्याची आई आलीय, निपाणीकडची. पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. आणि बाई पहाटे साबुदाण्याची खिचडी खाऊन ऑपरेशनला गेली! "अहो, आणि निवृत्त शिक्षिका बरं का. अडाणी असती तर गोष्ट वेगळी." सगळ्या हसल्या. मीही हसले. हसता हसता विचारलं, रुग्णालय कुठलं? त्यांनी नाव सांगितलं. ज्याचा कागद मी लिहिला होता, तेच.

दुसऱ्याच दिवशी येलहंक्याला गेले. निपाणीची आहे, गाववाली म्हणून भेटायला आले, एवढंच सांगितलं. बाईंचं नाव इंदुताई. सत्तरीच्या आसपास, किरकोळ बांधा, डोक्यावर पदर. गावच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका झाल्या. मुलगा महेश इथे नोकरीला. त्यानं कपाटातून रुग्णालयाची फाइल आणली. सूचनांचा कागद वरच होता. तळाशी बारीक अक्षरात आमच्या एजन्सीचा क्रमांक होता. शब्द न् शब्द माझा.

काय झालं ते इंदुताईंनीच सांगितलं.

"मी चारदा वाचलं की वो. उपवास अनिवार्य आहे. म्हटलं, देवाचा उपवास चुकला तर देव माफ करतो, डॉक्टरचा चुकवायचा न्हाई. रात्रीपास्नं कांदा-लसूण शिवला न्हाई. मीठ सुद्धा सैंधव घातलं. पहाटे आंघोळ करून वाटीभर खिचडी आणि कपभर दूध घेतलं, बास. चहा सुद्धा प्याले न्हाई."

आदल्या दिवशी रुग्णालयातून फोन आला होता तो महेशनं घेतला होता. "फास्टिंग है ना?" असं विचारलं आणि त्यानं सांगितलं, "हां हां, मम्मी का उपवास है." भूल देणाऱ्या डॉक्टरनं सकाळी कन्नडमध्ये विचारलं, "एनादरू तिंदिद्दीरा?" म्हणजे काही खाल्लंय का? इंदुताईंना कन्नड येतं. त्या म्हणाल्या, "इल्ला, उपवास." इल्ला म्हणजे नाही. तेही खरंच, उपवासाच्या फराळाला कुणी खाणं म्हणत नाही. कागद खरा, फोन खरा, उत्तर खरं, आणि बाई मरणाच्या दारात.

त्यांना वाचवलं ते खानापूरच्या शोभा सिस्टरनं. ती स्ट्रेचरची गाडी आत ढकलता ढकलता आपल्या भाषेत सहज म्हणाली, "आज्जी, उपवासाला काय खाल्लासा?" इंदुताईंनी सांगितलं. शोभानं गाडी तिथेच थांबवली.

एखाद्या शहाण्या जागी काय झालं असतं? कागद चुकला म्हणून कागद बदलला असता. इथे डॉक्टरनं महेशला कॉरिडॉरमध्ये चारचौघांत सुनावलं, की तुमची आई खोटं बोलली. फाइलवर इंग्रजीत शेरा मारला: सूचनांचं पालन केलं नाही, खाल्लेलं लपवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मी तो शेरा माझ्या डोळ्यांनी वाचला आणि शेजारी ठेवलेला माझा कागदही वाचला.

महेश चिडलेलाच होता. "काकू, मला सांगा, ऑपरेशनच्या आधी कुणी खिचडी खातं का? शिकलेली बाई ना ही? पूर्ण फ्लोअरसमोर माझी लाज गेली."

महेशनं टीपॉयवरच्या फुलदाणीखालून एक नवीन फॉर्म काढला. सहा आठवड्यांनी पुढची तारीख मिळाली होती, आणि हा संमतीचा कागद सही करून महिन्याभरात द्यायचा होता. पेन त्यानं आईच्या हातात दिलं.

"शाईचा पॅड आण," इंदुताई म्हणाल्या. "अंगठा लावते."

"आई, परत तेच? मुख्याध्यापिका होतीस तू!"

"व्हते. वाचून सही केली ती चुकली. आता वाचणार न्हाई. न वाचता सही कुणी करतं का? अंगठाच बरा."

महेश पॅड आणायला तयार नाही, त्या पेन धरायला तयार नाहीत. कागद परत फुलदाणीखाली गेला. मधल्या काळात त्यांना पोटदुखीचे दोन झटके येऊन गेले होते. माझ्यासमोरही त्यांचा एक हात सारखा बरगडीखाली जात होता. महेश मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा त्यानं हळूच सांगितलं, की रोजचं वर्तमानपत्रही तिनं बंद करायला लावलंय. एकतीस वर्षं गावच्या पोरांना अक्षर गिरवायला लावणारी बाई आता म्हणते, मला वाचता येत नाही.

आणि मी काय केलं? काहीच सांगितलं नाही. चहा प्याले, 'बरं व्हा' म्हटलं आणि तोंड लपवून निघून आले. तो कागद माझा आहे, हे सांगायचं धाडस झालं नाही. तेवीस वर्षांत माझ्या हातून अनेक चुका झाल्या, पण त्या दुपारइतकी मी कधीच खाली गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात निनादला गाठलं. सगळं सांगितलं. तो हादरला, हे कबूल करते. पण हादरून त्यानं फॉर्म उघडला. आमच्याकडे पास झालेला शब्द बदलायचा तर कारण द्यावं लागतं आणि त्यासाठी तीनच रकाने असतात: चूक, सुधारणा, भाषांतरकाराची आवड.

"चूक लिही," मी म्हटलं.

"अक्का, चूक नाही लिहिता येणार. चूक म्हटलं की आपली लायबिलिटी येते. आणि टेक्निकली चूक नाहीच ना. चारही स्टेपमधून पास झालंय. मी 'आवड' टाकतो, पुढच्या सायकलला घेतील."

"आवड? माझी आवड? एक बाई भुलीच्या टेबलावर जाणार होती, निनाद! मला साबुदाणा आवडत नाही म्हणून मी सांगतेय का हे?"

अख्खा मजला आमच्याकडे बघायला लागला. निनाद खाली बसला आणि समजावणीच्या सुरात लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"बघा ना, रिव्ह्यूअरनं रेफरन्स पण दिलाय. मशीन पण उपवासच देतं. आणि हे पान बघा, सगळ्यात वर हेच येतं."

मी पाहिलं. फास्टिंग मीनिंग इन मराठी. उपवास, व्रत, अनशन. 'माझी आई दर सोमवारी उपवास करते.'

"हे पान मी लिहिलंय," मी म्हटलं.

"मग तर झालंच ना," निनाद म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटलं, की प्रश्न सुटला.

त्या क्षणी मला कुणावर ओरडावं ते कळेना. पंधरा वर्षांपूर्वी तिसाव्या शब्दानंतर झोपेत खरडलेली माझी ओळ रुग्णालयाच्या कागदाला पुरावा म्हणून उभी होती. पण एक सांगते. मी थकून लिहिलं, तो माझा गुन्हा. ते लिहिलेलं खरं आहे का हे चार पगारी माणसांपैकी एकानंही कुणा मराठी बाईला विचारलं नाही, तो गुन्हा कुणाचा? एका मराठी माणसाला कागद वाचायला द्या आणि विचारा, 'आता तू सकाळी काय खाणार?' एवढा एकच प्रश्न. चार माणसं आणि दोन आठवडे लागत नाहीत त्याला. तो प्रश्न शोभा सिस्टरनं गाडी ढकलताना विचारला.

भाषांतरकारानं गिऱ्हाइकाशी परस्पर बोलायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी तो मोडला. रुग्णालयाला पत्र लिहिलं. त्यात सरळ लिहिलं, की इंदुताईंनी सूचना तंतोतंत पाळली, सूचनाच चुकीची होती, ती मी लिहिली, आणि त्यांच्या फाइलवरचा शेरा काढून टाका. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. शेरा कॉम्प्युटरमधून काढता येत नाही म्हणे, फक्त त्याखाली टीप जोडता येते. ती जोडली आहे. कागदाचा मजकूर पुढच्या फेरीत विचारात घेतला जाईल. एजन्सीनं मला काढलं नाही. फक्त काम येणं थांबलं. लोक विचारतात तेव्हा मी 'निवृत्त झाले' असं सांगते.

हे उत्तर घेऊन परत येलहंक्याला गेले. या वेळी चहाच्या आधीच बोलले.

"इंदुताई, तो कागद मी लिहिलाय. तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही बरोबर वाचलंत. मी चुकीचं लिहिलं."

महेश हातातला मोबाइल ठेवून आत आला.

"तुम्हाला ठाऊक न्हवतं काय, उपवासाला काय खातात ते?" इंदुताईंनी विचारलं.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "होतं. आधी बरोबर लिहिलं होतं. मग वरून खोडायला सांगितलं आणि मी खोडलं." आणि एकदा तोंड उघडलं तसं उरलेलंही सांगून टाकलं. "त्या दिवशी संकष्टी होती. माझा उपवास होता. कागदावर उपवास लिहिला तेव्हा टेबलावर माझा डबा उघडा होता. साबुदाण्याच्या खिचडीचा."

मला वाटलं, आता ही बाई मला उठ म्हणणार. ती उठली खरी. आतून फुलस्केप कागद आणि निळं पेन घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. स्वतःकडे एक तांबडं पेन ठेवलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"लिहा. मी सांगते. 'ऑपरेशनच्या आधी आठ तास तोंडात काहीही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही. दूध, चहा, केळं, साबुदाणा, वरीचे तांदूळ, काहीही नाही. देवाचा उपवास असला तरी नाही.' शुद्ध लिहा. किती वेळा, ठाऊक हाय न्हवं?"

"किती वेळा?"

"चुकलं की धा वेळा. माझ्या शाळेत तसंच होतं."

महेश म्हणाला, "आई, अगं काय हे!" तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो गप्प बसला. साठी उलटलेली मी मान खाली घालून लिहीत राहिले. प्रत्येक वेळी वेगळा कागद. बोटं दुखायला लागली. तेवीस वर्षांत हातानं लिहिण्याची सवयच गेली होती. तिनं दहाही कागद ओळीवर बोट ठेवून तपासले. सातव्या कागदावर माझं 'पाणीसुद्धा नाही' राहून गेलं होतं. तिथे तांबडी रेघ आली.

"हे परत लिहा."

परत लिहिलं. मग इंदुताईंनी फुलदाणी उचलली, संमतीचा फॉर्म बाहेर काढला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दोन ठिकाणी महेशला शंका विचारल्या, आणि त्या तांबड्या पेननंच खाली सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. महेश म्हणाला, निळी शाई लागते. ती म्हणाली, "दुरुस्तीला तांबडीच."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी रुग्णालयात गेले. छापील कागदावर अजून उपवासच होता, आजही आहे. मी माझे दहा कागद शोभा सिस्टरच्या हातात दिले. तिनं झेरॉक्स काढून ठेवते म्हणून सांगितलं. 'मराठी पेशंट आले की मागं टाचून देते, कुणाला विचारायचं न्हाई नि काय न्हाई.' माझ्या जोखमीच्या कागदांपैकी एवढा एकच असा आहे, की ज्याचा उलट अनुवाद झाला नाही.

इंदुताईंची गाडी निघाली. आत जाता जाता शोभानं नेहमीसारखं विचारलं, "आज्जी, काय खाल्लासा का?"

इंदुताईंनी उशीखालचा कागद काढून तिच्यासमोर धरला. माझं हस्ताक्षर, तांबडी रेघ. सातवा कागद, चुकलेला, त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. 'पाणीसुद्धा नाही' त्यांनी स्वतःच्या अक्षरात मधे घातलं होतं.

"ह्यात लिवलंय तसं केलंय," त्या म्हणाल्या. "मला वाचता येतं, बाई."